फियाटला घरी रंग देताना: दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचं काम

आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरी गोठ्याला लागून टिनाचं शेड असतं, आणि त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी फियाट नाहीतर अँबॅसेडर उभी असते. कापूस चांगला पिकला त्या वर्षी आजोबांनी घेतलेली. मग कुणीतरी नातू इंजिन खोलतो, कार्बोरेटर साफ करतो, गाडी चालू होते. आणि गाडी रंगाशी येऊन अडते. हा लेख तिथून पुढचा आहे. मी आतापर्यंत घरची पद्मिनी (म्हणजे फियाटच) आणि मामांची अँबॅसेडर अशा दोन गाड्या शेडमध्ये रंगवल्या. जे शिकलो ते पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी लिहितोय.

पुस्तकात आणि व्हिडिओत रंगकामाची पद्धत सापडते. पण ती बहुतेक बंद बूथची, बाहेरच्या हवामानाची असते. आपल्या विदर्भात रंग टिकणार की नाही हे इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली धूळ ठरवते. म्हणून रंगाची स्प्रे गन घ्यायच्या आधी दिनदर्शिका घ्या.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या पत्र्याला हात लावता येत नाही. गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोहोचेपर्यंत त्यातला थिनर उडून जातो आणि रंग भुकटीसारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात अडकते आणि चमक पांढरट पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव उशिरापर्यंत पत्र्यावर असतं, शिवाय जिनिंगचा हंगाम जोरात असल्याने हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. उरतो तो साधारण १५ फेब्रुवारी ते १५ मार्चचा महिना. दिवस साधारण ३० ते ३५ अंशांचा आणि हवा कोरडी, पण होरपळवणारी नाही. शेवटचा रंग याच महिन्यात बसला पाहिजे, असं धरून मागे मोजा. म्हणजे खोलायला सुरुवात दिवाळी झाल्यावर. खोलणं, खरवडणं आणि पुट्टी ही कामं थंडीत निवांत होतात. वेचणी आणि तुरीच्या कामातून मिळेल तेवढाच वेळ हाती असतो, म्हणून चार महिने धरलेले बरे.

रंग कोणता आणि जुना रंग कसला

जुन्या गाडीवर काय आहे ते आधी ओळखा. पांढऱ्या सुती कापडाला एनसी थिनर लावून दाराच्या खालच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. रंग विरघळून कापडाला आला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्यालाच आपल्याकडे अजून ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव, १९२० च्या दशकातलं. रंग फुगला, सुरकुतला तर तो सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर बहुधा पीयू, म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून मारलेला रंग. ही परीक्षा टाळू नका. इनॅमलवर थेट एनसी मारलं तर खालचा थर उचलला जातो आणि सगळी गाडी भाजलेल्या पापडासारखी होते. गाडीवर मधल्या काळात कुणी काय काय मारून ठेवलंय ते माहीत नसतं, म्हणून बॉनेट, डिकी आणि चारही दारं वेगवेगळी तपासा.

आता नवा रंग. माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसाने घरच्या शेडमध्ये पीयू मारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर थोडासा फवारासुद्धा सहन होत नाही. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क लावून ते अडत नाही, त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. पीयूच हवा असेल तर तयारी सगळी घरी करा आणि शेवटचा रंग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. घरीच पूर्ण करायचं तर एनसी घ्या. त्यालाही कोळशाच्या काडतुसाचा मास्क, गॉगल आणि हातमोजे लागतातच. पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा मारता येतं आणि जुन्या फियाटला त्याची मऊ चमक शोभते.

मूळ रंग शोधायचा तर डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या पॅडखाली नाहीतर डिकीच्या रबराखाली पाहा. तिथे ऊन पोहोचलेलं नसतं. तो भाग थोडा कंपाउंडने (घासून चमक आणायच्या पॉलिशने) उजळवा आणि तेवढा सुटा भाग घेऊन रंगाच्या दुकानात जा. नमुना दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडातच जुळवा, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला क्रीम रंग उन्हात पिवळा निघतो. फियाटएवढ्या गाडीला आतल्या कडांसकट ४ लीटर रंग लागेल असं धरा. सगळा एकाच वेळी घ्या आणि सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळून पुन्हा भरा.

मूळ रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा. आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि बदल तिथे चढवावा लागतो. जीपवाल्यांसाठी आणखी एक: ऑलिव्ह ग्रीन लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्येच तसं आहे, तेव्हा जुन्या विलीजला कितीही शोभत असला तरी तो मारू नका.

खोलणे

बंपर, ग्रिल, दिवे, दारांचे हँडल, चकत्या, आतले पॅड, सगळं काढा. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो आणि काढल्यावर प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. समोरची काच काढायचा धीर होत नसेल तर पेंटर लोकांची जुनी युक्ती आहे: काचेच्या रबराची ओठासारखी कड असते, तिच्याखाली सगळीकडून सुतळी सरकवा. कड वर उचलली जाते आणि रंग रबराखालपर्यंत पोहोचतो. नाहीतर वर्षभरात नेमका तिथून रंग सुटायला लागतो. पण रबर कडक होऊन तडकलं असेल तर सुतळीच्या भानगडीत पडू नका, काच काढाच. त्या चौकटीत गंज असतोच असतो.

खरवडणे आणि गंज

फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालचे पाटे, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा गंजल्या असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा पडला तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या. भोकावर पुट्टी भरून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा.

आपल्या गाड्यांच्या डिक्या मुद्दाम तपासा. ज्या डिकीतून वर्षानुवर्षं खताची पोती आली, तिथला गंज वेगळाच असतो. पोटॅशचं खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, एक मीठच. ते पत्र्याच्या जोडात बसतं आणि दर पावसाळ्यात ओल धरतं. गोठ्याजवळ उभ्या गाडीला जनावरांच्या मुताचा मारा असतो, तिथे खालचे काठ जातात. उंदरांनी हीटरच्या नळीत केलेल्या घरट्यांचंही तसंच. हे सगळं आधी धुऊन काढा, मग खरवडा.

जुना रंग (इनॅमल सोडून, तो काढावाच लागतो) जिथे घट्ट आहे तिथे तो काढू नका, ३२० च्या वॉटर पेपरने (घासायचा पेपर, आकडा जितका मोठा तितका बारीक) नुसती त्याची चमक मारा. जिथे सुटलाय, तडकलाय तिथे पत्र्यापर्यंत जा. आणि जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते. खाली मोठी प्लॅस्टिकची शीट अंथरून ओलं घासा, गाळ गोळा करून डब्यात बंद करा. गायी-वासरांना रंगाचे पापुद्रे चाटायची सवय असते आणि शिशाने जनावर मरतं. शेडमध्ये काम चालू असेतोवर गोठा तिथून हलवा. आम्ही बैलांना चार महिने कडुलिंबाखाली बांधलं.

उघड्या पत्र्यावर राहिलेला गंज ८० च्या पेपरने आणि वायर ब्रशने काढायचा. खड्ड्यात उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, नीट धुवा, लगेच वाळवा. पत्रा उघडा पडला त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. म्हणून एका दिवशी एकच दार किंवा एकच फेंडर घ्या. सगळी गाडी एकदम सोलायचा उत्साह येतो, पण रात्रीच्या दवाने सकाळपर्यंत पत्र्यावर तांबूस झाक आलेली असते.

पाण्याची गोष्ट

इथे मी माझी चूक सांगतो, कारण ती कुणी लिहिलेली मला सापडली नव्हती. पद्मिनीचं बॉनेट मी प्रायमरपर्यंत मन लावून केलं. ओलं घासलं, बोअरच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, रंग मारला. होळीला आरशासारखं दिसत होतं. श्रावणात त्यावर मोहरीएवढे फोड आले, दोनशे-तीनशे असतील. टाचणीने एक फोडला तर आत पाण्याचा थेंब. तालुक्याच्या जुन्या पेंटरकाकांना नेऊन दाखवलं. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंच नाही. माझ्या बादलीत बोट बुडवलं, काचेवर एक थेंब ठेवला आणि उन्हात धरला. थेंब वाळला तिथे पांढरं गोल कडं उरलं. म्हणाले, “रंगाले कायले दोष देतं बाबू? हे पाणी पाह्य आधी.”

पाण्यातले क्षार रंगाखाली राहिले की पावसाळ्यात ते रंगाच्या थरातून ओल ओढून घेतात आणि फोड येतात. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारं आहे, तिथल्या लोकांनी बोअरचं पाणी पत्र्याजवळ आणूच नये. पण बाकीच्या विदर्भातही विहिरी-बोअरचं पाणी जड असतं. म्हणून घासायला कोणतंही पाणी चालेल, शेवटचं धुणं मात्र आरओच्या जारच्या पाण्याने किंवा पावसाळ्यात साठवलेल्या पाण्याने. एका गाडीला पाच-सहा जार लागतात. धुतल्यावर पाणी आपोआप वाळू देऊ नका, स्वच्छ सुती धोतराने टिपा आणि दोन तास उन्हात ठेवा. काचेवरच्या थेंबाची परीक्षा तुमच्या पाण्याचीही करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

पुट्टी, आणि हाताची नजर

पोचा आधी ठोकून, ओढून शक्य तितका सरळ करा. पुट्टी फक्त शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरसाठी आहे. पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. सपाट पाटीवर पुट्टीच्या पात्याने दाबत मिसळा, हार्डनरची एकही लाल रेघ राहू नये. थंडी आहे म्हणून जास्त हार्डनर घातला तर पुट्टी लवकर सेट होते खरी, पण तो पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. पुट्टी नेहमी इपॉक्सीच्या थरावर, उघड्या पत्र्यावर नाही.

पुट्टी कोरडीच घासा, तोंडाला मास्क लावून. बऱ्याच गॅरेजमध्ये पाणी मारत घासतात, कारण पेपर कमी लागतो आणि धूळ उडत नाही. पण ही पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते आणि ते वरून वाळल्यासारखं दिसलं तरी आत राहतं. ८० ने आकार, १२० ने सपाटी, २२० ने ओरखडे घालवणं.

बोटांनी पेपर धरू नका, बोटांच्या जागी नाल्या पडतात. सुताराकडून हातभर लांब, चार बोटं रुंद सागवानी पट्टी रंधून घ्या. आपल्याकडे आलापल्लीच्या सागवानाचा तुकडा कुणाच्या तरी घरी पडलेला असतोच, आणि सागवान ओलं-कोरडं होऊन वाकत नाही. वळणाच्या जागी जुन्या रबरी चपलेचा तळ. पट्टी तिरकी चालवायची, एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे, फुलीसारखी.

झालं असं वाटलं की पातळ सुती कापड पत्र्यावर ठेवा, डोळे मिटा आणि त्यावरून तळहात लांबवर फिरवा, बोटं नाही, पूर्ण तळवा. “हाताले जे समजते ते डोयाले समजत नाही,” असं काका म्हणायचे, आणि ते अगदी खरं आहे. मागच्या डाव्या फेंडरवर मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. कापडावरून हात नेला तर चाकाच्या कमानीवर वीतभर जागेत हात हळूच खाली उतरायचा. तिथे पुन्हा दोनदा पुट्टी लागली.

यावर प्रायमर सरफेसर, म्हणजे बारीक खाचा भरणारा थर, दोन-तीन हात. इथेही हार्डनरवाला पीयू सरफेसर टाळून एनसीचा घ्या, तो बसायला वेळ घेतो म्हणून आठवडाभर तसाच ठेवा. मग त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा, शिंतोडे दिसतील इतकाच. आता सागवानी पट्टीवर ४०० चा पेपर लावून घासा. उंचवट्यावरचा काळा रंग लगेच जातो, खड्ड्यात तो तसाच राहतो. खड्डे तुम्हाला नकाशासारखे दिसतात. सगळं काळं गेलं की पॅनल सपाट. शेवटी ६०० ने हलका हात. हे काम कंटाळवाणं आहे. पण रंगाची चमक खालचा प्रत्येक खड्डा दुप्पट करून दाखवते, म्हणून इथे आठवडा जास्त गेला तरी जाऊ द्या.

शेड, वीज, हवा

रंगाच्या दोन दिवस आधी शेडचे टिनपत्रे आतून झाडा, जाळी काढा, मग चारही बाजूंनी स्वच्छ प्लॅस्टिक सोडा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर उत्तमच, फक्त सकाळी हलकं पाणी शिंपडा, चिखल नको. वाऱ्याच्या बाजूला ओला तरट बांधा, दुसरी बाजू उघडी ठेवा म्हणजे थिनरची वाफ निघून जाईल. ती वाफ पेट घेते. चूल, बिडी, देवाजवळचा दिवा, ठिणगी टाकणारं बटण, जवळ ठेवलेला कापूस, यातलं काहीही त्या दिवशी आसपास नको. रंगाच्या चिंध्या पाणी भरलेल्या डब्यात.

शेजाऱ्यांना विचारून घ्या की त्या दिवशी कुणाच्या वावरात थ्रेशर लागणार आहे का. हरभऱ्याचं कुटार उडालं की पाव मैलावरून शेडमध्ये येतं.

वीज हा खरा प्रश्न. दोन एचपीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर चालवला तर मोटर जळते आणि त्याआधी हवेचा दाब पडत जाऊन रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. आदल्या दिवशी त्याच वेळी मीटर लावून व्होल्टेज पाहा. टाकी १०० लीटरच्या वरची असावी. मध्येच लाइन गेली तर टाकीतल्या हवेवर हातातलं पॅनल कसंबसं पूर्ण होईल, पुढचं सुरू करू नका. टाकीच्या तळाची तोटी उघडून साचलेलं पाणी रोज काढा आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा.

मारणे

वेळ सकाळी नऊ ते बारा. नऊच्या आधी पत्रा थंड असतो, आणि संध्याकाळी दिवा लावला की सगळे किडे ओल्या रंगावर. पॅनल थिनरच्या हलक्या कापडाने पुसा, मग चिकट कापडाने. त्यानंतर उघड्या हाताने कुठेच स्पर्श नाही. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश त्या आठवड्यात शेडमध्ये आणूच नका, त्याचा अंश जरी पडला तरी रंग तिथून डोळ्यासारखा गोल फाटतो.

रंगाला १.४ मिलिमीटरचं नोझल, प्रायमरला १.८ चं. दाब गनवर लिहिलाय तेवढा. रंग नायलॉनच्या जाळीतून गाळूनच कपात ओता. ऊन चढणार असेल तर हळू उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर मिसळलेला घ्या. आधी एखाद्या जुन्या टिनावर मारून पाहा, आणि ते टिन उभं धरूनच, कारण ओघळ उभ्या पत्र्यावरच कळतो.

गन पत्र्यापासून वीतभर दूर, सतत समांतर. मनगट वळवायचं नाही, पूर्ण हात चालवायचा. पॅनलच्या बाहेर गन सुरू, पॅनलच्या बाहेर बंद. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आधी दारांच्या आतल्या कडा आणि बॉनेटची आतली बाजू. नंतर छत, मग एक बाजू, डिकी, दुसरी बाजू, शेवटी बॉनेट. पहिला हात विरळच असू द्या, खालचं दिसलं तरी चालेल. १० मिनिटं थांबा. असे पाच-सहा पातळ हात. एनसीत घाई केली की वरचा थर वाळतो, खालचा थिनर अडकतो आणि नंतर टाचणीएवढी छिद्रं पडतात.

संत्र्याच्या सालीसारखी खळगी दिसली तर गन फार दूर आहे, दाब कमी आहे किंवा थिनर कमी पडतोय. वरूड-मोर्शीच्या माणसाला ती साल ओळखू येणारच. ओघळ आला तर बोट लावू नका, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ६०० ने सपाट करून त्यावर हलका हात मारा.

नंतरचं

किमान दोन आठवडे गाडी सावलीत मोकळ्या हवेत राहू द्या. धुळवड त्यात आली तर अंगणाकडची बाजू बंद करा, कोवळ्या एनसीवर पडलेला रंग धुऊन जात नाही. मग १२०० ने, नंतर १५०० आणि २००० ने ओलं घासा, कडा आणि उभ्या रेषा टाळून, तिथे थर पातळ असतो. कंपाउंड हाताने मारा. मशीन असेल तरी पहिल्या गाडीला नको, एका जागी तीन सेकंद जास्त थांबलं तर रंग जळतो.

मेण मात्र दोन महिने नाही. एनसी तोवर थिनर सोडत असतो आणि मेण त्याचं तोंड बंद करतं. फेब्रुवारीच्या शेवटी रंग झाला असेल तर मेण लावायची वेळ मेच्या सुरुवातीला येते, मृगाच्या आधी पुरेशी. त्याच वेळी दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची छिद्रं काडीने मोकळी करा आणि पाट्यांच्या आत, छिद्रांतून, गंजरोधक मेण फवारा. रंग आतून कधीच पोहोचत नाही आणि गंज बहुतेक वेळा आतूनच येतो.

पहिला पाऊस पडेल तेव्हा गाडी अर्धा तास अंगणात उभी करा. नंतर मॅट उचलून फ्लोअरवर हात फिरवा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाहा, दारांच्या खाली थेंब गळतायत का बघा. दारातून पाणी गळत असेल तर ते बरोबर आहे. फ्लोअर ओला लागला तर त्याच दिवशी समोरच्या काचेचं रबर तपासा.